मराठवाडा, अणुवीज आणि पाण्याचा हिशेब

प्रश्न : परळीचे औष्णिक केंद्र २०१५ मध्ये पाण्याअभावी पूर्ण बंद ठेवावे लागले. देशाने २०४७ पर्यंत १०० गिगावॉट अणुवीज क्षमतेचे लक्ष्य ठेवले आहे, तर तिथल्या निवृत्त संचांच्या जागी छोटी अणुभट्टी का उभारू नये? (एक वाचक, परळी)

उत्तर : जागा, रेल्वे, वीजवाहिन्या आणि जाणते कामगार परळीत आहेत, म्हणून सूचना रास्त वाटते, परंतु ज्या कारणाने कोळशाचे संच थांबले, तेच कारण अणुभट्टीपुढे अधिक कठोरपणे उभे राहील. अणुभट्टीतील उष्णतेचा जेमतेम तिसरा हिस्सा विजेत रूपांतरित होतो. कोळशाच्या केंद्रात उरलेल्या उष्णतेचा काही भाग धुराड्यावाटे निघून जातो, अणुकेंद्रात मात्र जवळपास सगळा भार पाण्यावर पडतो, आणि कूलिंग टॉवरमधून वाफ होऊन गेलेले पाणी नदीला परत मिळत नाही. राजस्थानातील रावतभाटा आणि गुजरातमधील काक्रापार ही अणुकेंद्रे समुद्रापासून दूर असली, तरी त्यांच्यामागे चंबळ आणि तापीचे मोठे साठे आहेत. परळीची भिस्त गोदावरीवरील खडका बंधाऱ्यावर आणि वरून सुटणाऱ्या आवर्तनावर आहे. शिवाय पाणी संपले म्हणून कोळशाचा संच विझवता येतो, पण बंद केलेल्या अणुभट्टीलाही गारव्यासाठी पाणी लागतच राहते. ज्या मराठवाड्यात २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे अणुभट्टी नको, असे माझे स्पष्ट मत आहे. किनाऱ्यावर तयार झालेली वीज वाहिन्यांवरून इथवर येऊ शकते.

प्रश्न : आम्ही किल्लारीचा भूकंप सोसला आहे. कोकणातील जैतापूरला १,७३० मेगावॉटच्या सहा अणुभट्ट्या नियोजित आहेत. धक्का बसला तर काय होईल? (एक वाचक, औसा)

उत्तर : १९९३ मध्ये किल्लारी सर्वांत कमी धोक्याच्या भूकंपक्षेत्रात गणली जात होती, पुढे भूकंपरोधक बांधकामाच्या २००२ च्या भारतीय मानकात क्षेत्रांचा तो वर्गच रद्द झाला. म्हणून केवळ नकाशातील क्रमांकावर विसंबणे पुरेसे नाही, जागेचा स्वतंत्र भूगर्भीय अभ्यास लोकांसमोर मांडला गेलाच पाहिजे. २०११ मध्ये फुकुशिमात हादरा बसताच चालू अणुभट्ट्या आपोआप थांबल्या होत्या. मात्र थांबल्या क्षणीही पूर्ण शक्तीच्या सहा-सात टक्के उष्णता इंधनात उत्पन्न होत असते, आणि त्सुनामीच्या पाण्यात डिझेल जनरेटर बुडाल्याने ती वाहून नेणारे पंप बंद पडले. त्यामुळे भिंती किती जाड, यापेक्षा पर्यायी वीज किती उंचीवर ठेवली आहे आणि पंपाविना भट्टी किती काळ थंड राहू शकेल, हे विचारावे.

प्रश्न : रात्री थ्री फेज येते, अंधारात साप-विंचवांत दारे धरावी लागतात. अणुविजेने दिवसा वीज मिळेल का? (एक शेतकरी, केज तालुका)

उत्तर : नजीकच्या काळात नाही. काक्रापारच्या ७०० मेगावॉटच्या तिसऱ्या संचाचे बांधकाम २०१० मध्ये सुरू झाले आणि व्यावसायिक उत्पादन २०२३ मध्ये. आजही देशाच्या विजेत अणुविजेचा वाटा तीन टक्क्यांच्या आसपास आहे. सूर्य मावळल्यावर कारखाने व रुग्णालये चालवण्यासाठी ती मोलाची आहे, कृषिपंपांना दिवसा वीज देण्याचा जवळचा मार्ग मात्र सौर कृषिवाहिनी योजनेचा, म्हणजे शेतीच्या फीडरला सौर प्रकल्पातून वीज पुरवण्याचा आहे. आपला फीडर त्या योजनेत घेतला आहे का, याची महावितरणच्या उपविभागीय कार्यालयात लेखी विचारणा करावी आणि नसल्यास ग्रामसभेचा ठराव जोडावा.