भरपाईच्या भरवशावर क्रेडिट कार्ड

वाचकाचं पत्र थोडक्यात: बदलीमुळे साडेचार महिन्यांपूर्वी पॅकर्स-मूव्हर्सकडून सामान दुसऱ्या राज्यात हलवलं, भाडं 42,000. टीव्ही फुटला, कपाट मोडलं, दोन खोकी पोचलीच नाहीत. नुकसान 2 लाखांचं. इन्शुरन्सचे म्हणून 3,000 वेगळे घेतले होते. एजंटच्या सांगण्यावरून सामानाची किंमत 1 लाखच लिहिली. फोन आणि व्हॉट्सॲपवर बरीच भांडणं झाली. आता कंपनी 35,000 देऊन विषय मिटवा म्हणते. घ्यावेत की लढावं? नव्या वस्तू कार्डावर घेतल्या, 1 लाख 80 हजार बाकी आहेत, दरमहा किमान रक्कम भरतो. भरपाई आली की सगळं एकदम फेडेन. 3 लाखांची एफडी अडीनडीसाठी आहे, तिला हात लावायचा नाही.

तुमचं खरं नुकसान त्या ट्रकमध्ये झालेलं नाही, ते दर महिन्याला कार्डावर होतंय. व्याज महिन्याला साडेतीन टक्के धरू. नेमका दर स्टेटमेंटवर असतो. 1 लाख 80 हजारांवर 6,300 व्याज, त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 7,400. किमान रक्कम 5 टक्के धरली तर तुम्ही भरता 9,000. मुद्दल कमी होतं जेमतेम 1,600. वर्षभर असंच चाललं तर 80 हजारांहून जास्त निव्वळ व्याजात जातील, कंपनी देऊ करतेय त्याच्या दुपटीहून अधिक. शिवाय बाकी पुढे ओढत असताना त्या कार्डावर केलेल्या नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही.

आणि एफडी? तेवढ्याच रकमेवर 7 टक्के धरले तरी वर्षाला 12-13 हजार, तेही करपात्र. अडीनड म्हणजे आणखी काय असतं? याच आठवड्यात 1 लाख 80 हजार मोडा, कार्ड शून्यावर आणा. मुदतीआधी मोडल्याचा दंड या व्याजापुढे किरकोळ आहे. 1 लाख 20 हजार हाताशी राहतात. आज भरताय तेच 9,000 दरमहा आवर्ती ठेवीत टाकलेत तर वीस महिन्यांत एफडी होती तेवढी होईल. भरपाईची वाट पाहत कर्ज ठेवू नका, कळकळीने सांगतो. ग्राहक आयोगाच्या तारखांवर कुणाचेही हप्ते ठरत नाहीत.

आता दावा. त्या 3,000 च्या पावतीवर विमा कंपनीचं नाव आणि पॉलिसी क्रमांक आहे का पाहा. नसेल तर तो विमा नव्हेच. वाहतूकदाराने स्वतःच्या शब्दाला विम्याचं नाव देऊन पैसे घेतले आहेत. असली विक्री वर्षानुवर्षं चालू आहे आणि मला तिची चीड येते. पावती मात्र जपून ठेवा, पुरावा म्हणून ती तुमच्याच बाजूची आहे.

2 लाखांची आशा सोडा. 2007 च्या कॅरेज बाय रोड (रस्त्याने मालवाहतूक) कायद्याखालच्या नियमांनुसार वाहतूकदाराची जबाबदारी सर्वसाधारणपणे भाड्याच्या दहापट असते, पण जाहीर केलेल्या किमतीपेक्षा जास्त नाही. दहापट म्हणजे 4 लाख 20 हजार. तुम्ही लिहिलेत 1 लाख. विम्याच्या हप्त्यात थोडे वाचवायला गेलात आणि दावाच अर्ध्यावर आणलात. त्याच कायद्याची चांगली बाजू अशी, की कंपनीचा निष्काळजीपणा तुम्हाला सिद्ध करावा लागत नाही.

घाई एकाच गोष्टीची आहे. बुकिंगच्या तारखेपासून 180 दिवसांत लेखी नोटीस कंपनीला पोचलीच पाहिजे, नाहीतर दावाच उभा राहत नाही. तुमच्याकडे साधारण 45 दिवस उरलेत. व्हॉट्सॲपवरच्या भांडणावर विसंबू नका. वस्तूंची यादी, फोटो, खरेदीची बिलं जोडून स्पीड पोस्टने नोटीस पाठवा, पोच सांभाळा. मागणी 1 लाखाची आणि इन्शुरन्सच्या 3,000 ची.

जिल्हा ग्राहक आयोगात तुम्ही राहता तिथेच तक्रार करता येते, दोन वर्षांच्या आत. दिलेला मोबदला 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. त्यामुळे 35,000 वर सही करू नका, विशेषतः कागदावर ‘पूर्ण व अंतिम’ असे शब्द असतील तर. नोटिशीनंतर ते 65-70 हजारांवर आले, तर मी तुमच्या जागी घेईन. अडून बसले तर तक्रार दाखल करा. कार्ड फिटलेलं असेल, तर वर्ष-दीड वर्ष थांबायला तुम्हाला काही जड जाणार नाही.