मूर्ती फोडणारे मूर्ती विकत कसे होते?

प्रश्न : धर्माच्या नावाने मूर्ती फोडणारी इसिससारखी संघटना पुरावस्तूंची चोरटी विक्रीही करत होती, असे वाचनात आले. मूर्ती निषिद्ध, पण तिचे पैसे चालतात, हे कसे?
— एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : विसंगती आपण नेमकी हेरली आहे, मात्र त्या संघटनेच्या हिशेबात ती कधी आडवी आली नाही. जे उचलून नेता येत नाही ते कॅमेऱ्यासमोर फोडायचे आणि जे पिशवीत मावते ते विकायचे, अशी सरळ वाटणी होती. फेब्रुवारी 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या इराकमधील मोसुल संग्रहालयातील तोडफोडीच्या चित्रफितीत काही पुतळे कोसळताच आतल्या लोखंडी सळ्या उघड्या पडलेल्या दिसतात, कारण त्या प्लास्टरच्या प्रतिकृती होत्या. हात्रा या प्राचीन इराकी नगरातील मूर्ती आणि मोसुलजवळच्या प्राचीन निनेवेच्या वेशीवरील पंखधारी वृषभ मात्र अस्सल होते, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुरुंगाने उडवलेली, सीरियातील पाल्मिरा या प्राचीन नगराची बालशमीन व बेल ही मंदिरेही अस्सलच होती. पाल्मिराचे पुरातत्त्व खाते चार दशके सांभाळलेले, वयाची ऐंशी ओलांडलेले खालेद अल-असाद यांची त्याच महिन्यात हत्या झाली. लपवलेल्या वस्तूंचा ठावठिकाणा त्यांनी सांगितला नाही, असे त्यांच्या सहकाऱ्यांनी म्हटले आहे. ज्यांना त्या वस्तू केवळ फोडायच्याच होत्या, त्यांनी त्यांचा इतका शोध का घ्यावा?

विक्रीचा लेखी पुरावा मे 2015 मध्ये हाती आला. पूर्व सीरियात अबू सय्याफ या म्होरक्याच्या घरावर अमेरिकी सैन्याने छापा घातला, तेव्हा संघटनेच्या पुरावस्तू विभागाच्या पावत्या सापडल्या. खोदकामासाठी परवाना लागे, आणि मिळालेल्या वस्तूच्या किमतीवर 20 टक्के कर भरला की मुलुंडच्या जकात नाक्यावर फाडून मिळत असे तशी रीतसर पावती हातात पडे. हा विभाग तेल व खनिजे पाहणाऱ्या खात्याच्या अखत्यारीत होता, म्हणजे हजारो वर्षांचा वारसा त्यांच्या लेखी जमिनीतून उपसायचा माल होता. अर्थात, तेल आणि खंडणी यांच्या तुलनेत हे उत्पन्न कमी होते. त्याविषयी फिरणाऱ्या अवाढव्य आकड्यांवर विश्वास ठेवू नये. शिवाय लूट एकट्या इसिसने केली असेही नाही. सीरियातील अपामिया हे प्राचीन नगर उपग्रह छायाचित्रांत खड्ड्यांनी चाळण झालेले दिसते, आणि तो भाग तेव्हा सरकारी सैन्याच्या ताब्यात होता.

प्रश्न : नाणी जमवणाऱ्या आमच्या मंडळात इराकमधील म्हणून एक कोरीव मातीची लहान पाटी विक्रीस आली आहे. घ्यावी का?
— एक वाचक, वाशी, नवी मुंबई

उत्तर : घेऊ नये. 6 ऑगस्ट 1990 नंतर इराकमधून आणि 15 मार्च 2011 नंतर सीरियातून बेकायदा बाहेर गेलेल्या सांस्कृतिक वस्तूंचा व्यापार रोखण्यास संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने 2015 च्या ठराव क्रमांक 2199 द्वारे सर्व सदस्य देशांना बांधले आहे. ‘आजोबांच्या संग्रहातली आहे’ हे विक्रेत्यांचे ठरलेले उत्तर असते. अशा वेळी त्या काळचा निर्यात परवाना किंवा लिलावाची छापील सूची मागावी, आज लिहून दिलेली चिठ्ठी नव्हे. शिवाय या बाजारात नकली मालही भरपूर आहे.

भोळेपणाने घेतली, ही सबब मोठ्यांनाही पुरलेली नाही. हॉबी लॉबी या अमेरिकी कंपनीने 2010 मध्ये, म्हणजे इसिसचा उदय होण्यापूर्वी, इराकमधील हजारो प्राचीन वस्तू विकत घेतल्या आणि त्यातल्या कित्येक ‘मातीच्या फरशांचे नमुने’ असे लेबल लावलेल्या खोक्यांतून आल्या. 2017 मध्ये तिला त्या वस्तू सोडून द्याव्या लागल्या आणि वर 30 लाख डॉलर भरावे लागले.

आपल्याकडील 1972 च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तूंचा व्यापार करण्यास परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. दगड, धातू किंवा भाजलेल्या मातीची इतकी जुनी मूर्ती घरात असल्यास तिची नोंदणीही करावी लागते. देवघरात पूजेत असली, तरीही.