यादी पाठ करू नकोस, शब्द फोडून बघ

इंग्रजी शब्द ज्यांपासून बनले त्या ग्रीक-लॅटिन मुळांची लांबलचक यादी पाठ करायला घेतली असशील, तर ती आधी बाजूला ठेव. रोज एकच मूळ घे आणि ते ओळखीच्या शब्दांत शोध. 'टेलिफोन'च बघ ना: ग्रीक 'टेले' म्हणजे दूर, 'फोने' म्हणजे आवाज. एवढं कळलं की मायक्रोफोन, सिंफनी आपोआप उलगडतात.

लॅटिन मुळं तर आपल्याला परकी वाटायचं कारणच नाही. 'डेंटिस्ट'मधला 'डेन्स' आणि आपला दंत, 'नेव्ही'मागचं 'नाविस' आणि आपली नाव (होडी), ही एकाच घराण्यातली भावंडं. संस्कृतचे ब्रिटिश अभ्यासक विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कोलकात्यात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिनचं हे नातं मांडलं होतं. संस्कृतचा धागा धरून लक्षात ठेवलेलं मूळ सहसा सुटत नाही, हा माझा अनुभव आहे.

एका जागी मात्र जपून. 'पेडेस्ट्रियन'मधलं 'पेड' लॅटिन, अर्थ पाय. आपलं पद त्याच्याच नात्यातलं. पण 'पीडियाट्रिशियन'मध्ये (बालरोगतज्ज्ञ) ग्रीक 'पाइस' आहे, म्हणजे मूल. अमेरिकन स्पेलिंगमध्ये दोन्ही सारखीच दिसतात आणि नवशिका हमखास फसतो. 'हायपो' नि 'हायपर'चीही गल्लत नको: पहिलं खाली, दुसरं वर. अंदाज जरूर बांध, पण लगेच शब्दकोशातली व्युत्पत्ती उघडून पडताळून घे.