गोष्टीतली सावत्र आई आणि पर्समधले खडे

"म्याडम, ह्या गोष्टी मुळात एवढ्या भयंकर हायत, तर पोराला सांगायच्या तरी कशाला?" खानापूर तालुक्यातल्या एका आईचा हा प्रश्न. 'परीकथांमागचं काळं सत्य' छापाचे व्हिडिओ मोबाईलवर येऊन आदळायला लागल्यापासून बेळगाव भागातले बरेच पालक मला हेच विचारतात. (ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.)

मुलगा सहा वर्षांचा. रात्री दचकून उठायचा, आणि ही मागच्या दारी भांडी घासायला गेली तरी पाठोपाठ जायचा. सासूबाईंनी दृष्ट काढून झाली होती. नवरा गोव्यात कामाला, आठवड्याला घरी येणारा. ही त्याची दुसरी बायको. मुलाची आई तो लहान असतानाच आजारपणात गेली. मुलगा हिला 'मम्मी' म्हणतो आणि गेलेल्या बाईला 'आई'. हिने त्याला हॅन्सेल-ग्रेटेलची, म्हणजे रानात सोडलेल्या आणि खडे टाकून घरची वाट शोधणाऱ्या भावंडांची, गोष्ट वाचून दाखवली, नंतर तो व्हिडिओ बघितला आणि पुस्तक माळ्यावर टाकलं.

"सावतर आई पोरांस्नी रानात सोडून येती म्हणे. आमच्या तर दारातच रान. पोरगं माझ्याकडं त्याच नजरेनं बघत असणार की वो."

व्हिडिओत सांगितलेलं बरंचसं खरं होतं. ग्रिम बंधूंनी १८१२ मध्ये जर्मनीत या कथांचा पहिला खंड काढला तो टिपांसकट, लोकसाहित्याचा संग्रह म्हणून. मुलांच्या हाती द्यायला तो योग्य नाही अशी ओरड तेव्हाही झाली. त्यांच्या सिंड्रेलाच्या बहिणी बुटात पाय बसावा म्हणून अंगठा आणि टाच कापून घेतात. स्नो व्हाइटच्या राणीला तापलेले लोखंडी बूट घालून मरेपर्यंत नाचायला लावतात. त्याही आधी, १६९७ मध्ये, फ्रान्सच्या पेरोने लिहिलेल्या लाल टोपीवालीला लांडगा खातो आणि गोष्ट तिथेच संपते. सोडवायला कोणी येत नाही.

पण एक गोष्ट त्या व्हिडिओत नव्हती. १८१२ च्या आवृत्तीत हॅन्सेल-ग्रेटेलला रानात सोडायला लावणारी बाई त्यांची सख्खी आई आहे. स्नो व्हाइटच्या जिवावर उठलेली राणीसुद्धा सख्खी आईच. पुढच्या आवृत्त्यांमध्ये दोघींना सावत्र करून टाकलं. आईची प्रतिमा डागाळू नये म्हणून, असं अभ्यासक मानतात.

हे ऐकून बाई हसल्या. "म्हंजे पाप सगळं आमच्या माथी मारलं!"

आणि आपण तरी कुठे मवाळ आहोत? चिलयाबाळाची कहाणी शिवलीलामृतात आहे. अतिथी बनून आलेल्या शंकरासाठी चांगुणा पोटच्या पोराचं डोकं उखळात कांडते. श्रावणात घरोघर ती वाचतात आणि मुलं मांडीवर बसून ऐकतात. तिच्यावर कोणी व्हिडिओ काढत नाही.

पण मुलाला नेमकं काय लागलं होतं, हे आम्हा दोघींपैकी कोणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून त्याच्यासमोर कागद आणि खडू ठेवले आणि ती गोष्ट तूच मला सांग म्हटलं. रान, चेटकीण, भट्टी हे सगळं त्याने भराभर उरकलं. चेटकिणीला भट्टीत ढकलताना तर स्वारी खूश होती. शेवटाला मात्र अडखळला. पोरं घरी परत येतात, तोवर सावत्र आई मेलेली असते. हे ग्रिमच्या गोष्टीत आहे आणि बाईंच्या घरच्या पुस्तकातही एका ओळीत होतं. मम्मी ती ओळ न थांबता वाचून तशीच पुढे गेली होती.

"पहिली आई मेली. मग दुसरी पण मरती?"

तो मम्मीला भीत नव्हताच. त्याला मम्मीची काळजी लागली होती. तिच्या पर्सच्या आतल्या कप्प्यात, सरकारी बसमध्ये बायकांना मोफत प्रवासासाठी मिळणाऱ्या शून्य तिकिटांच्या चुरगाळ्यात, तिला अधूनमधून खडे सापडायचे. खोडी म्हणून ती ते फेकून द्यायची. त्याबद्दल विचारलं तर म्हणाला, "बाजारला गेली की तिला वाट गावाया पायजे."

पुढचं काम साधंच होतं. आईच्या मरणाबद्दल घरात कोणी त्याच्याशी सरळ बोललेलं नव्हतं. नुसतं 'देवाघरी गेली', एवढंच. आई आजारी पडून गेली, तो आजार मम्मीला नाही, आणि मम्मी बाजारला जाऊन अमुक बसने परत येणार, हे सगळं आता त्याला स्पष्ट सांगायचं ठरलं. 'मी कधीच मरणार नाही' असं खोटं वचन मात्र द्यायचं नाही. पुस्तक माळ्यावरून खाली आलं. झोप पूर्ववत व्हायला वेळ लागला, आणि मधे एकदा अंथरूणही ओलं झालं. असं आठवडेच्या आठवडे चाललं किंवा मूल शाळेलाच जाईना, तर मात्र घरगुती उपायांवर थांबू नये.

श्रावणात बाईंचा फोन आला. सासूबाई चिलयाबाळ वाचणार होत्या, त्याला ऐकू द्यायचं का? मी म्हटलं, तुम्ही शेजारी बसा, आणि नको म्हणाला तर थांबवा. त्याने शेवटपर्यंत ऐकलं आणि आजीला विचारलं, "त्याच्या मम्मीनं शंकराला नको का म्हटलं न्हाई?"

सासूबाई गप्प. याचं उत्तर काय द्यायचं, हे आता बाई मला विचारत होत्या. मी म्हटलं, "त्यालाच विचारा, ती काय म्हणायला पाहिजे होती."