सातव्या क्रमांकावरून विजेतेपद : बुलडॉग्जच्या २०१६च्या हंगामाविषयी वाचकांचे प्रश्न

ऑस्ट्रेलियन फुटबॉलवरील मागच्या लेखात वेस्टर्न बुलडॉग्ज हा माझा संघ असल्याचा आणि त्याच्या २०१६च्या विजेतेपदाचा मी जाता जाता उल्लेख केला होता. त्यावर आलेल्या पत्रांपैकी काही कुतूहलाची आहेत, काही खोचक आहेत आणि एक-दोन तर सरळ अंतिम सामन्यात हरलेल्या सिडनीच्या समर्थकांचीच असावीत. निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे. २००८ पासून मी या संघाच्या मागे आहे, त्यामुळे माझी मते पक्षपाती असणार हे वाचकांनी गृहीत धरावे. आकड्यांच्या बाबतीत मात्र मी पक्षपात केलेला नाही.

प्रश्न : अठरा संघांच्या स्पर्धेत सातव्या क्रमांकावर राहिलेला संघ विजेता ठरतो, हे न्याय्य कसे? मग वर्षभराच्या सामन्यांना अर्थ काय उरला?

प्रश्न रास्त आहे, पण तो ‘सातवा’ या शब्दाने फसवलेला आहे. २०१६ मध्ये प्रत्येक संघ साखळीत २२ सामने खेळला. सिडनी, जिलाँग आणि हॉथॉर्न यांनी प्रत्येकी १७ जिंकले. ग्रेटर वेस्टर्न सिडनी, अ‍ॅडलेड आणि वेस्ट कोस्ट यांनी प्रत्येकी १६. आणि बुलडॉग्जने १५. म्हणजे पहिल्या आणि सातव्या संघात अवघ्या दोन विजयांचे अंतर होते. आठव्या क्रमांकावरच्या नॉर्थ मेलबर्नकडे मात्र १२च विजय होते. खरी दरी सातव्या आणि आठव्या क्रमांकांच्या मध्ये होती, पहिल्या आणि सातव्याच्या मध्ये नव्हती. एरवीच्या एखाद्या वर्षी १५ विजयांवर संघ पहिल्या चारांत सहज बसतो.

शिवाय बाद फेरीची तेव्हाची रचना वरच्या संघांना भरपूर झुकते माप देत होती. पहिल्या चार संघांनी पहिला सामना गमावला तरी त्यांना दुसरी संधी मिळत असे. पाचव्या ते आठव्या क्रमांकाच्या संघांना ती मिळत नसे. आमच्या संघाला सलग चार सामने जिंकणे भाग होते आणि एक पराभव म्हणजे थेट घरी. त्या चारांपैकी एक सामना पर्थमध्ये आणि एक सिडनीत, प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर होता. आठ संघांची ही पद्धत २००० साली आली, आणि तेव्हापासून पहिल्या चारांच्या बाहेरच्या एकाही संघाने तोवर विजेतेपद मिळवलेले नव्हते. वर्षभराच्या सामन्यांना अर्थ उरतो तो असा : त्यांनी आमची वाट बंद केली नाही, अवघड केली.

प्रश्न : त्या वर्षी बाद फेरीच्या आधी प्रथमच एका आठवड्याची विश्रांती ठेवण्यात आली होती. ती नसती, तर तुमचा जखमी संघ पहिल्याच सामन्यात बाहेर पडला असता. हे तुम्ही मान्य कराल का?

निम्मे मान्य करते. ती विश्रांती २०१६ मध्येच सुरू झाली आणि तिचा आमच्याइतका लाभ दुसऱ्या कोणालाही झाला नाही. मधल्या फळीतले जॅक मॅक्रे आणि टॉम लिबरटोर दुखापतीतून सावरून बाद फेरीतल्या पहिल्या, पर्थच्या सामन्यासाठी उभे राहिले, ते त्या जादा आठवड्यामुळेच.

पण दुखापतींचा सगळा हिशेब मांडायचा, तर तो दुसऱ्या बाजूनेही मांडला पाहिजे. कर्णधार बॉब मर्फी हंगामाच्या तिसऱ्याच सामन्यात, हॉथॉर्नविरुद्ध, गुडघ्याचा अस्थिबंध तुटून वर्षभरासाठी गेला. तो सामना आम्ही तीन गुणांनी हरलो. मर्फी अखेरच्या क्षणांत कोसळला आणि सामना संपल्यावर मैदानातल्या प्रेक्षकांना पराभवाचे भानसुद्धा उरले नव्हते. पुढे अठराव्या फेरीत, सेंट किल्डाविरुद्धच्या एकाच सामन्यात, मिच वॉलिसचा पाय मोडला आणि जॅक रेडपाथचा गुडघा गेला. यांपैकी कोणालाही कसल्याच विश्रांतीने परत आणले नाही.

संघ टिकला तो पर्यायी खेळाडूंच्या बळावर. क्लबचा दुय्यम संघ ‘फुटस्क्रे’ या जुन्या नावाने व्हिक्टोरियाच्या राज्य स्पर्धेत खेळतो आणि त्या वर्षी त्यानेही आपली स्पर्धा जिंकली, ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. प्रशिक्षक ल्यूक बेव्हरिज यांनी दोन्ही संघांना एकाच पद्धतीने खेळायला लावले होते : चेंडू हाती आला की उंच लाथ न मारता जवळच्या सहकाऱ्याकडे झटपट हँडबॉल (हातातला चेंडू मुठीने मारून देणे), त्याच्याकडून पुढच्याकडे, आणि चेंडू गेला की जो जवळ असेल त्याने टॅकल करायचे, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला पकडून अडवायचे. दुय्यम संघातून वर आलेल्या मुलाला नवे काही शिकावे लागत नसे. आमच्याकडे मोठ्या संख्येने गोल करणारा आघाडीवीर नव्हता. गुणसंख्येच्या बाबतीत आम्ही थक्क करणारा संघ कधीच नव्हतो. समोरच्याला चेंडू सुखाने हाताळू न देणे, हीच आमची कमाई होती.

विश्रांतीचे श्रेय द्यायचेच झाले, तर पर्थच्या सामन्यापुरते द्यावे. तिथे वेस्ट कोस्टला ४७ गुणांनी हरवले, आणि मी स्वतः त्या रात्री पराभव गृहीत धरून टीव्हीसमोर बसले होते. त्यानंतर आठवडाभराने हॉथॉर्न होते, म्हणजे २०१३, २०१४ आणि २०१५ चे सलग विजेते. त्यांना २३ गुणांनी घरी पाठवले. त्या वेळी आम्हाला कसलीही खास विश्रांती नव्हती. ती होती ती पुढच्या प्रतिस्पर्ध्याला, कारण ग्रेटर वेस्टर्न सिडनी पहिला सामना जिंकून आठवडाभर आराम करीत होते. त्यांना आम्ही त्यांच्याच शहरात सहा गुणांनी, म्हणजे बरोबर एका गोलाच्या फरकाने, हरवले.

प्रश्न : एका क्रीडा क्लबच्या विजयाने प्रौढ माणसे रस्त्यावर रडतात, हे आम्हाला थोडे नाटकी वाटले. एवढे काय होते त्यात?

बासष्ट वर्षे होती. मेलबर्नच्या पश्चिमेकडच्या फुटस्क्रे या गोदी-कारखान्यांच्या कामगार वस्तीतला हा क्लब १९२५ मध्ये वरिष्ठ स्पर्धेत आला. १९५४ मध्ये चार्ली सटन हे कर्णधार आणि प्रशिक्षक असताना त्याने मेलबर्न संघाला ५१ गुणांनी हरवून तोवरचे एकमेव विजेतेपद मिळवले. १९६१ मध्ये पुन्हा ग्रँड फायनल (अंतिम सामना) गाठली आणि हॉथॉर्नकडून हार पत्करली. त्यानंतर १९८५, १९९२, १९९७, १९९८, २००८, २००९ आणि २०१० असे सात वेळा हा संघ उपांत्य फेरीत पोहोचला आणि सातही वेळा हरला. १९९७चा पराभव तर दोन गुणांचा होता. दोन गुण म्हणजे दोन ‘बिहाइंड’. चेंडू मधल्या दोन खांबांतून गेला तर सहा गुणांचा गोल आणि बाजूच्या खांबांमधून गेला तर एका गुणाचा बिहाइंड, असा हा हिशेब आहे. शेवटचे तीन पराभव मी पाहिलेले आहेत, आणि लागोपाठ तीन वर्षे एकाच पायरीवरून घसरल्यावर माणूस पुढची पायरी मोजायचेच सोडून देतो.

याहूनही खोल एक जखम आहे. १९८९ च्या ऑक्टोबरमध्ये कर्जात बुडालेल्या फुटस्क्रेचे फिट्झरॉय क्लबमध्ये विलीनीकरण जाहीर झाले. एका सामान्य महिला समर्थकाच्या नावाने न्यायालयात धाव घेतली गेली, थोडी मुदत मिळाली आणि त्या काही आठवड्यांत लोकांनी डबे घेऊन दारोदार, बाजारात, कारखान्यांच्या फाटकांवर वर्गणी गोळा करून क्लब वाचवला. त्या लढ्यात पुढे असलेले वकील पीटर गॉर्डन तेव्हा क्लबचे अध्यक्ष झाले, आणि २०१६ मध्येही अध्यक्षपदी तेच होते. जोडीदार म्हणून ठरलेल्या फिट्झरॉयचे काय झाले? सात वर्षांनी तो क्लब ब्रिस्बेनमध्ये विलीन झाला. त्याच सुमारास आमच्या संघाने ‘फुटस्क्रे’ हे नाव बदलून ‘वेस्टर्न बुलडॉग्ज’ घेतले, आणि ते नाव काही ज्येष्ठ समर्थक अजूनही मनापासून उच्चारत नाहीत. वर्गणीचा डबा स्वतः फिरवलेली माणसे १ ऑक्टोबर २०१६ रोजी साठी-सत्तरीत होती. ती रडली, तर मला त्यात नाटक दिसत नाही.

प्रश्न : ग्रँड फायनलमध्ये तुमच्या संघाला २० फ्री किक (प्रतिस्पर्ध्याच्या नियमभंगाबद्दल पंच देतात त्या मोकळ्या लाथा) मिळाल्या आणि सिडनीला ८. या विजयाचे श्रेय पंचांना का देऊ नये?

आकडे बरोबर आहेत आणि ते दिसायला वाईट आहेत, हेही खरे. चेंडूवर आधी झेप घेणाऱ्याला फ्री किक जास्त मिळतात आणि त्या दिवशी आमची माणसे बहुतेक वेळा आधी पोहोचत होती, असे उत्तर मी पूर्वी देत असे. ते बऱ्याच अंशी खरे आहे, पण पूर्ण उत्तर नव्हे. अखेरच्या क्वार्टरमध्ये ईस्टन वुड हा आमचा प्रभारी कर्णधार चेंडूसाठी खाली झेपावला आणि सिडनीच्या डॅन हॅनेबरीच्या गुडघ्यावर आदळला. हॅनेबरीला लंगडत बाहेर जावे लागले आणि शिटी वाजली नाही. ती फ्री किक सिडनीला मिळायला हवी होती. माझ्या मते हा निर्णय चुकला.

तरीही या सामन्याचा निकाल फ्री किकच्या रकान्यात शोधणे मला पटत नाही. मध्यंतराला सिडनी दोन गुणांनी पुढे होते, म्हणजे शिट्या वाजूनही आम्ही मागेच होतो. सामना फिरला तो डेल मॉरिसच्या एका टॅकलने. तेहतीस वर्षांचा हा बचावपटू मणक्याला फ्रॅक्चर असताना बाद फेरीचे सामने खेळत होता, हे नंतर उघड झाले. अखेरची काही मिनिटे उरली असताना त्याने सिडनीचा हुकमी आघाडीवीर लान्स फ्रँकलिन याला मागून पकडून पाडले, चेंडू सुटला आणि टॉम बॉइडच्या हाती आला. बॉइडने मैदानाच्या मध्याकडून मारलेली ती लांब लाथ टप्पे खात, एकही माणूस वाटेत नसलेल्या गोलात शिरली. त्या गोलात कोणत्याही पंचाची फ्री किक नव्हती. अंतिम गुणसंख्या बुलडॉग्ज ८९, सिडनी ६७ अशी होती आणि बावीस गुणांचा हा फरक त्या दुपारच्या ताणाला मुळीच शोभत नाही. मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर ९९,९८१ प्रेक्षक होते. त्यांतल्या निम्म्यांनी अखेरची पाच मिनिटे बहुधा उभ्यानेच काढली असतील.

प्रश्न : त्याच बॉइडला सात वर्षांसाठी सुमारे सत्तर लाख डॉलर दिल्याचे वाचले. तो तेविसाव्या वर्षीच निवृत्त झाला. सौदा बुडीतच गेला ना?

२०१३च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लबांनी नवे खेळाडू निवडण्याच्या प्रक्रियेत, पहिल्या क्रमांकावर निवडला गेलेला हा तरुण २०१४च्या अखेरीस आमच्याकडे आला, तेव्हा बदल्यात आमचा तेव्हाचा कर्णधार रायन ग्रिफेन गेला होता. करार तेवढ्याच रकमेचा असल्याचे वृत्त होते. पुढची दोन वर्षे बॉइडने चुकवलेल्या प्रत्येक मार्कमागे (लाथेने आलेल्या चेंडूच्या झेलामागे) प्रेक्षकांत कोणी तरी ती रक्कम ओरडून सांगत असे, आणि ओरडणाऱ्यांत आमचे लोकही होते. ग्रँड फायनलमध्ये त्याने तीन गोल केले. २०१९ मध्ये त्याने शारीरिक आणि मानसिक स्वास्थ्याचे कारण देऊन खेळ सोडला आणि आपल्या आजाराविषयी तो पुढे मोकळेपणाने बोलला. पैशांचा हिशेब विचारलात म्हणून सांगते : बासष्ट वर्षांनंतरच्या एका विजेतेपदासाठी ही रक्कम कोणीही समर्थक महाग म्हणणार नाही. बॉइडला ती केवढ्याला पडली, हा हिशेब वेगळा आहे, आणि त्या काळात मीही एकदा गॅलरीतून ओरडले होते हे मला विसरता येत नाही.

प्रश्न : पदक वितरणाच्या वेळी प्रशिक्षकांनी आपले पदक दुसऱ्याला दिल्याचे ऐकले. ते नेमके काय होते?

विजेत्या संघाच्या प्रशिक्षकाला जॉक मॅकहेल पदक मिळते. बेव्हरिज यांनी ते स्वीकारले, लगेच बॉब मर्फीला मंचावर बोलावले आणि त्याच्या गळ्यात घातले. मग मर्फी आणि वुड यांनी मिळून चषक उचलला. मर्फीने ते पदक स्वतःजवळ ठेवले नाही. तो पुढच्या वर्षी मैदानात परतला, २०१७च्या अखेरीस ३१२ सामने खेळून निवृत्त झाला, आणि त्यांत ग्रँड फायनल एकही नव्हती. या हंगामाबद्दल माझी एकच तक्रार आहे, आणि ती ही.

प्रश्न : पुढच्याच वर्षी तुमचा संघ दहावा आला. मग २०१६ योगायोगच नव्हता का?

२०१७ मध्ये आम्ही वाईट खेळलो. त्याने २०१६च्या पर्थचा निकाल बदलत नाही.

प्रश्न : हा खेळ मी कधीच पाहिलेला नाही. त्या हंगामातला एकच सामना पाहायचा असेल, तर ग्रँड फायनल पाहू का?

ग्रँड फायनल नंतर पाहा. आधी ग्रेटर वेस्टर्न सिडनीविरुद्धचा, २४ सप्टेंबरचा उपांत्य सामना पाहा. खेळाच्या दर्जाच्या दृष्टीने तोच या हंगामातला सर्वोत्तम होता. सुरुवातीला चेंडूकडे न पाहता अवघ्या १६८ सेंटिमीटर उंचीच्या, डोक्यावर शिरस्त्राण घातलेल्या केलेब डॅनियलकडे पाहावे, म्हणजे बुलडॉग्जचा हँडबॉल कसा चालतो ते आपोआप कळेल. गुडघ्याच्या तीन शस्त्रक्रियांनंतर परतलेल्या क्ले स्मिथने त्या सामन्यात चार गोल केले. अखेरच्या क्वार्टरमध्ये आघाडी इकडून तिकडे जात राहते, आणि मग मॅक्रे गोलाची लाथ मारायला उभा राहतो. तिथे आवाज थोडा वाढवून ठेवावा, कारण सिडनीतल्या त्या मैदानावर मेलबर्नहून गाड्यांनी रात्रभर प्रवास करून आलेले आमचे लोक बसलेले आहेत आणि तो आवाज त्यांचा आहे.