काढा, रस, अर्क, तेल : वाचकांचे प्रश्न

औषधी वनस्पतींचे काढे, रस आणि अर्क यांबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी काही निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. बहुतेक तक्रारींत वनस्पती बरोबर निवडलेली असते, पण तिच्यातले औषध बाहेर काढायची रीत चुकलेली असते. काही द्रव्ये पाण्यात उतरतात, काही फक्त तेलात. काही उकळल्यावरच सुटतात, तर काही उकळताच उडून जातात. म्हणून उत्तरांमध्ये कृतीवर जास्त भर आहे.

प्रश्न : काढ्यासाठी ‘एक चमचा चूर्ण, एक पेला पाणी’ एवढेच सांगितले जाते. माझा काढा कधी चिकट होऊन गाळलाच जात नाही, तर कधी नुसते रंगीत पाणी तयार होते. नेमके प्रमाण काय?

चिकटपणाला चूर्णच कारणीभूत आहे. काढ्याला वस्त्रगाळ चूर्ण घेऊ नये, जवाच्या दाण्याएवढी भरड घ्यावी. जुन्या परिभाषेत तिला जवकूट म्हणतात. बारीक चूर्णातला पिष्टाचा भाग उकळताना फुगतो, पाणी घट्ट होते, चूर्ण तळाला बसून करपते आणि फडक्याची छिद्रे बुजतात. भरडीत पाणी आतपर्यंत शिरते आणि चोथा मात्र सहज वेगळा होतो.

प्रमाण मोजून घ्या, कारण चमच्याचा भरवसा नाही. एक चमचा सुंठ आणि एक चमचा अडुळशाचा पाला यांच्या वजनात मोठा फरक असतो. कठीण मुळे, साली आणि लाकडे असतील तर १० ग्रॅम भरडीला १६ पट, म्हणजे १६० मिली पाणी घ्यावे आणि चौथा भाग, म्हणजे ४० मिली उरेपर्यंत आटवावे. जुने आयुर्वेद ग्रंथकार शार्ङ्गधर यांच्या हिशेबात हेच पाणी आठव्या भागापर्यंत आटवतात, त्यामुळे काढा अधिक तीव्र होतो. मध्यम कठीण द्रव्यांना ८ पट आणि मऊ द्रव्यांना ४ पट पाणी पुरते.

४० मिली उरले हे डोळ्यांनी कळत नाही. सुरुवातीलाच पातेल्यात मोजून ४० मिली पाणी ओता, त्यात एक स्वच्छ लाकडी काडी उभी धरा आणि पाण्याच्या रेषेवर खूण करा. मग उरलेले १२० मिली पाणी आणि भरड घाला. आटत आल्यावर तीच काडी बुडवून पाहायची. भरड फुगलेली असल्याने पातळी थोडी वर दिसते, म्हणून शेवटी गाळून, चोथा पिळून एकदा मापून घ्यावे. कमी भरले तर पुढच्या वेळी आच कमी करावी. वरून पाणी घालून माप पुरे केल्याने औषध वाढत नाही.

नुसते रंगीत पाणी होते ते मोठ्या आचेमुळे. रुंद पातेले आणि भडक आच असली की दहा मिनिटांत पाणी उडते, पण सालीतले द्रव्य सुटायला तेवढा वेळ पुरत नाही. मुळे आणि साली आदल्या रात्री त्याच पाण्यात भिजत घाला आणि मंद आचेवर अर्धा तास तरी उकळू द्या.

भांडे स्टीलचे किंवा उष्णतारोधक काचेचे असावे. हिरडा, बाभळीची साल, आवळा अशा तुरट द्रव्यांतील टॅनिन लोखंडाशी संयोग पावते आणि काढा शाईसारखा काळा पडतो. तयार काढा त्याच दिवशी संपवावा. त्यात टिकवणारे काही नसते आणि वनस्पतीतली साखर व पिष्ट असते, त्यामुळे दुसऱ्या दिवशी आंबूस वास येतो. तो पुन्हा उकळून दुरुस्त होत नाही.

प्रश्न : तुळस, गवती चहा, ओवा यांचा काढा चांगला आटवला की वासच राहत नाही. असे का?

वास म्हणजेच त्यातले बाष्पनशील तेल आणि या वनस्पतींचे बरेचसे काम त्या तेलावर चालते. उघड्या भांड्यात आटवला की ते वाफेबरोबर निघून जाते. यांचा काढा करू नये, फांट करावा: पाणी उकळून आचेवरून उतरवायचे, त्यात ठेचलेली वनस्पती टाकायची आणि लगेच घट्ट झाकण ठेवायचे. शास्त्रातले प्रमाण एकास चार आहे, म्हणजे १० ग्रॅमला ४० मिली. १०-१५ मिनिटांनी झाकण उचलाल तेव्हा त्याच्या आतल्या बाजूला थेंब जमलेले दिसतील. ते पुसून टाकू नका, झाकण तिरके करून फांटातच निथळू द्या, कारण त्या थेंबांत तेलाचा अंश असतो.

याहून नाजूक द्रव्यांसाठी हिम आहे. धने, वाळा, अनंतमूळ यांची भरड सहापट थंड पाण्यात रात्रभर झाकून ठेवायची आणि सकाळी कुसकरून गाळायची. इथे उष्णता अजिबात नको.

उष्णतेने औषध कसे हातचे जाते याचे मोठे उदाहरण हिवतापावरच्या आर्टेमिसिनिनचे आहे. चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांच्या गटाला एका वनस्पतीच्या अर्कातून सारखे निष्कर्ष मिळत नव्हते. चौथ्या शतकातल्या एका चिनी वैद्यकग्रंथात ती वनस्पती पाण्यात भिजवून, पिळून रस प्यावा असे म्हटले होते, उकळण्याचा उल्लेख नव्हता. त्यावरून त्यांनी कमी तापमानाला उकळणारे ईथर वापरले आणि १९७१ मध्ये प्रभावी अर्क हाती लागला. २०१५ च्या नोबेल पुरस्कारात या कामाचा गौरव झाला.

प्रश्न : अडुळशाची पाने कितीही वाटली तरी रस निघत नाही. पाणी घालून वाटले तर चालेल का?

पाणी घातले की मात्रेचा हिशेब चुकतो. अडुळशाच्या पानांतून कच्चा रस पिळून निघत नाही, म्हणूनच परंपरेत त्याचा रस पुटपाकाने, म्हणजे वाटलेल्या पानांचा गोळा पानांत गुंडाळून, मातीने लिंपून, विस्तवात भाजून काढतात. सोपा मार्ग असा: धुतलेली पाने १०-१५ मिनिटे वाफवा, ती मऊ पडून रंग उतरला की वाटून कापडातून पिळा. मोठ्या माणसासाठी १० ते २० मिली रस, मध घालून. मध रस कोमट झाल्यावरच घालावा आणि एक वर्षाखालच्या बाळाला मध कधीही देऊ नये.

अडुळशातील व्हॅसिसिन या द्रव्यावरून पुढे ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारे औषध तयार झाले. हेच व्हॅसिसिन गर्भाशयाचे आकुंचन वाढवते, म्हणून गरोदरपणात अडुळसा टाळावा. थुंकीतून रक्त पडत असेल किंवा खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला असेल, तर रसावर थांबू नका, क्षयाची तपासणी करून घ्या.

प्रश्न : घरी केलेले माक्याचे तेल महिनाभरात खवट होते, कधी वर बुरशीही धरते. काय चुकते?

तेलात पाणी राहून जाते. साधारण हिशेब १ : ४ : १६ असा आहे: कल्क (वनस्पतीचा वाटलेला गोळा) एक भाग, तेल चार, द्रव सोळा. २५० मिली तेलाला सुमारे ६० ग्रॅम माक्याचा वाटलेला कल्क आणि १ लिटर माक्याचा रस. एवढा रस मंद आचेवर आटायला बराच वेळ लागतो. घाईने आच वाढवली की कल्क तळाला करपतो, पण त्याच्या पोटात ओल तशीच राहते.

तेल झाले की नाही हे तीन खुणांवरून ठरवावे. कल्क दोन बोटांत वळून पाहिला तर त्याची वात झाली पाहिजे. बोटाला लिबलिबीत चिकटला तर तो अजून कच्चा आहे आणि कुरकुरीत होऊन चुरला तर जास्त झाला. ती वात ज्योतीवर धरली तर तडतडता कामा नये, कारण तडतड पाण्याची असते. तिसरी खूण म्हणजे तेल सिद्ध होत आले की त्यावर फेस येतो. तुपाचे उलटे, तिथे फेस शमतो. तिन्ही खुणा जुळल्या की लगेच उतरवून गरम असतानाच गाळावे, कारण पातेल्याच्या उष्णतेने पाक पुढे चालूच राहतो. बाटली पूर्ण कोरडी हवी. तळाशी धुकट थर दिसला तर वरचे स्वच्छ तेल वेगळे काढून घ्या.

प्रश्न : एका डबीवर ‘१०:१ अर्क’ आणि दुसरीवर ‘९५ टक्के कर्क्युमिनॉइड्स’ (हळदीतली कर्क्युमिनसारखी पिवळी द्रव्ये) असे लिहिलेले असते. यातले तीव्र कोणते?

दोन्ही वेगळी मापे आहेत. १०:१ म्हणजे १० किलो वनस्पतीपासून १ किलो अर्क. त्या हिशेबाने ५०० मिलीग्रॅमची गोळी ५ ग्रॅम वनस्पतीची झाली. पण कार्यकारी द्रव्य त्यात किती, ते या आकड्यावरून कळत नाही. पाण्याने काढलेला हळदीचा १०:१ अर्क कर्क्युमिनच्या दृष्टीने जवळपास निकामीच, कारण कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही.

९५ टक्क्यांचा आकडा थेट द्रव्य सांगतो: ५०० मिलीग्रॅमच्या गोळीत ४७५ मिलीग्रॅम. हळदपुडीत कर्क्युमिन ३ टक्के धरले तर एवढे मिळायला सुमारे १६ ग्रॅम पूड लागेल, म्हणजे रोजच्या वापराच्या कितीतरी पट. त्यात काळ्या मिऱ्यातले पायपरिन घातलेले असले तर शोषण आणखी वाढते. १९९८ च्या एका प्रयोगात २० मिलीग्रॅम पायपरिनबरोबर दिल्यावर माणसांच्या रक्तातील कर्क्युमिनची उपलब्धता २० पटींनी वाढली होती. अशा जास्त शोषल्या जाणाऱ्या गोळ्यांनी यकृताला सूज आल्याच्या नोंदी वेगवेगळ्या देशांत आहेत. चिमूटभर हळदीच्या सुरक्षिततेवरून या गोळीची सुरक्षितता गृहीत धरू नये. पित्ताशयात खडे असतील तर ती टाळावीच.

प्रश्न : घशासाठी दोन महिने रोज ज्येष्ठमध घेतले आणि रक्तदाब वाढला. याचा संबंध असेल का?

असण्याची शक्यता बरीच आहे. ज्येष्ठमधातील ग्लायसिरायझिन मूत्रपिंडातल्या एका विकराला रोखते, त्यामुळे शरीरात मीठ-पाणी साठते आणि पोटॅशियम बाहेर जाते. रक्तदाब वाढणे, पाय सुजणे, स्नायूंत अशक्तपणा ही लक्षणे त्यातूनच येतात. युरोपात रोजची मर्यादा १०० मिलीग्रॅम ग्लायसिरायझिन धरतात. मुळात ते ४ टक्के असेल, तर अडीच ग्रॅम पुडीतच ही मर्यादा गाठली जाते. ज्येष्ठमध बंद करा, डॉक्टरांना सांगून पोटॅशियम तपासा. परिणाम ओसरायला एक-दोन आठवडे लागू शकतात.

प्रश्न : गुळवेलीने यकृत बिघडते असे ऐकले. मग गुळवेल सत्त्व तरी घ्यावे का?

कोविडच्या काळात गुळवेल दीर्घकाळ घेतलेल्या काही रुग्णांमध्ये यकृताला इजा झाल्याच्या नोंदी भारतात प्रसिद्ध झाल्या. त्यावर बराच वाद झाला. टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया ही खरी गुळवेल आणि तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा यांची गल्लत होते, हा त्यातला महत्त्वाचा मुद्दा होता. गुळवेलीच्या खोडावरची साल कागदासारखी पातळ सुटते आणि खाली हिरवे दिसते. क्रिस्पाचे खोड ठळक गाठीगाठींचे असते. अनोळखी वेल तोडून आणू नये. संधिवातासारखा स्वयंप्रतिकार विकार किंवा यकृताचा जुना आजार असेल तर वैद्यांना विचारल्याशिवाय नकोच. लघवी गडद होणे, डोळे पिवळे दिसणे, अन्नावरची वासना जाणे यांपैकी काही दिसले तर त्याच दिवशी थांबवा.

सत्त्वाबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. ताजे खोड ठेचून रात्रभर पाण्यात ठेवतात, चोळून गाळतात, तळाशी बसलेला पांढरा साका वरचे पाणी ओतून टाकून वाळवतात. तो साका मुख्यतः पिष्ट असतो. कडू द्रव्यांचा मोठा भाग ओतून दिलेल्या पाण्यात जातो, म्हणून सत्त्वाला काढ्यासारखा कडूपणा नसतो. सत्त्व हे काढ्याचे दाट रूप आहे असे समजून एकाच्या जागी दुसरे घेऊ नये.

प्रश्न : आसव-अरिष्टांत मद्यार्क असतो का?

असतो. गूळ किंवा साखर, काढा आणि धायटीची फुले एकत्र आंबवल्यावर तो आपोआप तयार होतो आणि औषध त्यामुळेच टिकते. मधुमेहींनी त्यातल्या साखरेचाही विचार करावा. मेट्रोनिडॅझोल हे जंतुसंसर्गावरचे औषध चालू असताना आसवे घेऊ नयेत.

प्रश्न : रोजच्या गोळ्या आणि काढा यांत दोन तासांचे अंतर ठेवले की पुरे ना?

काही ठिकाणी पुरते. इसबगोल गोळीला वेढून तिचे शोषण कमी करतो, त्रिफळ्यातील टॅनिन लोहाला बांधून ठेवते. तिथे दोन तासांचे अंतर उपयोगी पडते. पण कारले किंवा गुडमार मधुमेहाच्या गोळीबरोबर साखर खाली आणतात. हा परिणाम दिवसभराच्या बेरजेचा आहे, अंतराने टळत नाही. वॉरफॅरिनसारखी रक्त पातळ करणारी औषधे चालू असताना लसूण, हळद किंवा गिंको यांचे अर्क सुरू करू नयेत. शस्त्रक्रिया ठरली असेल तर असे अर्क निदान दोन आठवडे आधी थांबवावेत.

डॉक्टरांना ‘आयुर्वेदिक घेतो’ एवढेच सांगून उपयोग नाही. वनस्पतीचे नाव, तिचा भाग (मूळ, साल की पान), काढा की अर्क, दिवसाला किती मिली किंवा मिलीग्रॅम आणि कधीपासून, हे कागदावर लिहून न्या. डबी असेल तर तीच बरोबर न्या.