रिपोर्ट नॉर्मल आहेत, मग छातीत धडधडतं का?

"सगळ्या तपासण्या झाल्या, काहीच निघालं नाही. मग मला होतंय ते काय? उद्या भर गर्दीत झालं आणि जीवच गेला तर? की डोक्यावर परिणाम व्हायला लागलाय?" हे प्रश्न विचारणारा माणूस येतो तोच बहुधा रिपोर्टांची जाडजूड फाइल घेऊन.

तशीच फाइल घेऊन ३४ वर्षांचे एक गृहस्थ पत्नीसोबत आमच्याकडे, म्हणजे क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे, आले. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) काम हिशेबाचं. चार महिन्यांपूर्वी लिफ्टमध्ये अचानक छाती धडधडायला लागली, हातांना मुंग्या आल्या, घसा आवळल्यासारखा झाला. आता मेलोच, असं वाटलं. रुग्णालयात ईसीजी व्यवस्थित आला, तासाभरात घरी पाठवलं. तेव्हापासून आठवड्यातून दोन-तीनदा तेच. लिफ्टने जाणं बंद झालं. मीटिंगमध्ये दाराजवळचीच खुर्ची, हातात कायम पाण्याची बाटली, मनगटावर नाडी दाखवणारं घड्याळ आणि खिशात, 'लागली तर घ्या' म्हणून कुणीतरी लिहून दिलेली गोळी.

पहिल्या भेटीत सल्ला मिळेल अशी त्यांची अपेक्षा होती. मिळाले ते प्रश्न. आधी धडधड की आधी विचार? त्या क्षणी नेमकं काय होईल असं वाटलं? मग तुम्ही काय केलंत? चहा-कॉफी किती, झोप किती, दारू किती, दम्याचा पंप आहे का? थायरॉइड, हिमोग्लोबिन, हृदयाची लय हे सगळं डॉक्टरांनी पाहिलंय का? कारण थायरॉइड वाढलेला असला, रक्त कमी असलं, पंप जास्त वापरला गेला तरी असंच धडधडतं. मनाची बाजू बघण्याआधी शरीराची बाजू डॉक्टरांकडून तपासून झालेली लागते. जगणं नकोसं वाटतं का, हेही सरळ विचारलं जातं. विचारल्याने तो विचार कुणाच्या डोक्यात घुसत नाही.

इथे एक गोंधळ नेहमी होतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मानसशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण आणि त्यानंतर अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली रुग्णांसोबत प्रत्यक्ष काम करून तयार होतो. सहसा तो औषध लिहून देत नाही. ते काम मानसोपचारतज्ज्ञाचं, जो वैद्यकीय डॉक्टर असतो. आमच्याकडे असतं ते बोलणं, कागद आणि ठरवून करायला लावलेले प्रयोग. यातला तिसरा भाग लोकांना अनपेक्षित असतो.

दुसऱ्या भेटीत कागदावर एक गोल काढला. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये पॅनिकचं, म्हणजे अचानक येणाऱ्या तीव्र भीतीच्या झटक्याचं, जे स्पष्टीकरण मांडलं, त्याचा हा घरगुती नकाशा. घाईत जिना उतरून ते लिफ्टमध्ये शिरले होते, त्याआधी दोन कॉफ्या झालेल्या. हृदय जोरात चाललं, हे साहजिकच. त्यावर मनाने निकाल दिला: हार्ट अटॅक. निकाल ऐकून शरीराने आणखी ॲड्रेनलिन सोडलं. श्वास भराभर सुरू झाला, रक्तातला कार्बन डायऑक्साइड खाली आला, आणि त्यामुळे मेंदूच्या रक्तवाहिन्या थोड्या आकसल्या. म्हणून गरगरणं, मुंग्या, सगळं खोटं-खोटं वाटणं. मुंग्या आल्या म्हणून अटॅकची खात्री पटली, आणि गोल पूर्ण झाला.

या गोलातला सगळ्यात फसवा भाग श्वासाचा. 'ऑक्सिजन कमी पडतोय' असं वाटतं, म्हणून माणूस आणखी खोल, आणखी जोरात श्वास घेतो, आणि कार्बन डायऑक्साइड आणखी उतरतो. ऑक्सिजन भरपूर असतो. बेशुद्ध पडण्याचं भयही असंच: चक्कर येऊन पडताना रक्तदाब खाली जातो, पॅनिकमध्ये तो सहसा वर जातो. (रक्त किंवा सुई पाहून पडणाऱ्यांचं मात्र वेगळं. त्यांना अंग ताणून धरायला शिकवतात.)

"मग शांत कसं व्हायचं ते शिकवा ना," पत्नी म्हणाल्या. सगळे हेच म्हणतात. सावकाश श्वास आम्ही शिकवतो: ४ सेकंद आत, ६ सेकंद बाहेर, दिवसातून १० मिनिटं, ठीकठाक असताना. पण झटका आला की तो थांबवण्यासाठी वापरायचा नाही. वापरला की तोही पाण्याच्या बाटलीसारखा आधार होतो, आणि 'श्वास सांभाळला म्हणून वाचलो' हा नवा गैरसमज रुजतो. चिंतेवर काम करताना सर्वाधिक वेळ वाया जातो तो इथेच: माणसाला शांत करण्यात.

चौथ्या भेटीत उलटं केलं. जी लक्षणं टाळायची, तीच मुद्दाम आणायची. हृदयविकार, फिट्स, दमा किंवा गरोदरपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करत नाही; यांच्याबाबतीत डॉक्टरांचा होकार होता. फिरत्या खुर्चीत १ मिनिट गोल फिरणं. नाक चिमटीत धरून बारीक स्ट्रॉमधून २ मिनिटं श्वास. एका पायरीवर १ मिनिट भराभर चढ-उतार. आणि १ मिनिट जोरजोरात, भराभर श्वास. प्रत्येकानंतर दोन आकडे, ० ते १० मध्ये: भीती किती, आणि तुमच्या झटक्याशी साम्य किती. खुर्चीचं साम्य ३. भराभर श्वासाचं ९, भीती ८. म्हणजे काम तिथे.

करण्याआधी भाकीत लिहून घेतलं: 'बेशुद्ध पडेन, खात्री ८० टक्के.' पहिल्या वेळी २५ सेकंदांवर थांबले. नजर घड्याळावर होती, नाडी १२८. घड्याळ काढून टेबलाच्या खणात ठेवलं. दुसऱ्या वेळी पूर्ण मिनिट झालं. ओठ बधिर, बोटं वाकडी झाल्यासारखी, आणि ते खुर्चीत ताठ बसलेले. तिसऱ्या वेळी उभ्याने. भीतीचे आकडे ८, ७, ५. पण पाहायचा आकडा तो नव्हताच. पाहायचं होतं भाकिताचं काय झालं ते. त्याच कागदावर खाली त्यांनी लिहिलं: 'पडलो नाही. वाईट वाटलं, पण पडलो नाही.' घरी रोज दोन वेळा हेच.

मग लिफ्ट. भीतीची पायरी-पायरीने शिडी करायची कल्पना जुनी आहे. मानसोपचारतज्ज्ञ जोसेफ वोल्पे यांनी १९५८ मध्ये मांडलेल्या पद्धतीत प्रत्येक पायरीवर अंग सैल सोडायचं असे. आता तो भाग बहुतेक वेळा गाळतात. यांची शिडी: एक मजला पत्नीसोबत, एक मजला एकटे, पाच मजले एकटे, ऑफिसच्या गर्दीत, आणि शेवटी आधी भराभर श्वास घेऊन मग लिफ्ट.

सहाव्या आठवड्यात गाडी अडली. दहा वेळा लिफ्टने जाऊनही भीती जागच्या जागी. असं झालं की आधार शोधायचा. खिसे रिकामे करायला सांगितले. गोळीचं पाकीट निघालं, चार महिने खिशात फिरून चुरगळलेलं, एकही गोळी न काढलेली. शिवाय लिफ्टमध्ये असताना पत्नी फोनवर असायच्या. म्हणजे दहाही वेळा शिकवण एकच: गोळी आणि फोन होते म्हणून वाचलो. पाकीट घरच्या कपाटात गेलं. (अशी गोळी जे रोज घेतात त्यांनी एकदम बंद करू नये, लिहून देणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच हळूहळू कमी करायची.)

पत्नीशीही बोलणं झालं. दिवसातून पंधरा-वीसदा 'तुम्हाला काही होणार नाही' म्हणणं त्यांना प्रेमाचं वाटत होतं, आणि होतंही. पण ते वाक्य दोन तास पुरायचं, मग दीड, मग अर्धा. त्याऐवजी ठरलं: 'भीती आलीय ना? येऊ दे.' एवढंच, एकदाच. त्यांना ते फार निष्ठुर वाटलं. पहिला आठवडा त्या निम्म्या वेळा चुकल्या, ते अपेक्षितच होतं.

औषध घ्यावं का? घर सोडवत नसेल, सोबत नैराश्य असेल, किंवा हे प्रयोग करण्याचं बळच नसेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवायला आम्ही मागेपुढे पाहत नाही. चिंतेसाठी दिली जाणारी नैराश्यविरोधी औषधं लागू पडायला काही आठवडे घेतात, सुरुवातीला धडधड थोडी वाढूही शकते; हे आधी सांगितलं नाही तर लोक चौथ्या दिवशी सोडतात. यांना गरज पडली नाही.

दहाव्या आठवड्यात जागरणानंतर एक मोठा झटका आला. वहीत नोंद अशी: '११.२० ते ११.३२. बाटली गाडीत. बसून राहिलो. मीटिंग संपवली.' बाराव्या भेटीनंतर एक महिन्याने आणि तीन महिन्यांनी पुन्हा यायचं ठरलं.

तीन महिन्यांनी आले तेव्हा झटका एकही नव्हता, पण जिना जरा जास्तच चढला जात होता. का, तर म्हणे पोट कमी करायचंय. पत्नी हसल्या. वहीत नवी ओळ लिहून दिली: लिफ्ट, आठवड्यातून किमान तीनदा, फोन बॅगेत.